मागच्या सीटवर कोण बसणार?

कॉलेज सुरू झालं की घरात एक विषय हमखास निघतो: गाडी. आणि गाडी म्हटलं की प्रश्न ठरलेले. ॲव्हरेज किती देते? किती सीसीची? हप्ता किती बसेल? मित्र विचारतात, 'पिकअप कसा आहे?' काका-मामा विचारतात, 'विकायला काढली तर किती येतील?' सगळे प्रश्न रास्तच आहेत. पण एक प्रश्न मी कुठल्या घरात किंवा शोरूममध्ये फारसा ऐकलेला नाही: मागच्या सीटवर कोण बसणार?

माझं म्हणणं सरळ आहे. पहिली गाडी घेताना हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा. कारण आपल्याकडे गाडी एकट्याची नसते. हप्ता एकाच्या नावावर असतो, पण सीट सगळ्या घराची असते.

मी सुरतची. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या आमच्या पट्ट्यात खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. कोणी लूम्सवर, कोणी डाइंग मिलमध्ये, कोणी रिंग रोडच्या साडी मार्केटात. शहरात बीआरटीएस आहे, सिटी बस आहे, शेअर रिक्षा तर पावलोपावली. तरी गल्लीपासून स्टॉपपर्यंत आणि स्टॉपपासून कारखान्यापर्यंतचं अंतर उरतंच, आणि ते डबलसीट कापलं जातं. एकाच गाडीवर सकाळी दादा पप्पांना कामावर सोडतो, मग बहिणीला क्लासला. संध्याकाळी तीच गाडी मम्मीला घेऊन भाजीला जाते. रविवारी मधे एक छोटं पोर बसवून तिघं निघतात. मी स्वतः गाडी चालवते, पण हिशोब केला तर माझे मागे बसण्याचे तास कितीतरी जास्त भरतील. आपल्यातल्या बहुतेक मुलींचं, आणि सगळ्यांच्या आयांचं, हेच असणार.

आता गंमत बघा. ज्या माणसाचा विचार आपण करत नाही, त्याचा विचार कायद्याने केव्हाच करून ठेवला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे. त्यातला १२३ वा नियम सांगतो की मागे बसायची सोय असलेल्या मोटरसायकलला धरायला कायमची पकड हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा, आणि मागच्या बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारं संरक्षण हवं. हे संरक्षण म्हणजे आपला साडी गार्ड. नवी गाडी आली की पोरं पहिल्या आठवड्यात काय काढून ठेवतात? साडी गार्ड! 'लूक जातो यार.' ज्याला लूक जातो त्याचा पाय कधीच त्या चाकाजवळ नसतो. ज्याची ओढणी, साडीचा पदर, शाल तिथे लोंबते, त्याला कोणी विचारत नाही.

हेल्मेटचंही तसंच. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम चालवणारा आणि मागे बसणारा असा भेद करत नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवं. गुजरातमध्ये या नियमाने बऱ्याच कोलांट्या खाल्ल्या. २०१९ च्या डिसेंबरमध्ये तर राज्य सरकारने शहरी हद्दीत हेल्मेट ऐच्छिक करून टाकलं होतं, मग ते मागे घ्यावं लागलं. सुरत पोलिसांनी १५ फेब्रुवारी २०२५ पासून सक्ती कडक केली आणि रस्त्यावर खरोखर हेल्मेटं दिसू लागली. पण चौकात सिग्नलला उभं राहून पाहा. पुढच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागच्या डोक्यावर स्कार्फ, नाहीतर काहीच नाही. म्हणजे आपण हेल्मेट घालतो ते डोक्यासाठी की कॅमेऱ्यासाठी?

आकडे मोठे असले की मनाला भिडत नाहीत, म्हणून दोनच देते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार रस्त्यावर मेले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. त्यांनी ना वेग ठरवला होता, ना ओव्हरटेक केला होता. ते फक्त कोणावर तरी विश्वास ठेवून मागे बसले होते.

हा विश्वास थंडीत जास्त जड होतो. आता कोणी हसेल की सुरतला कसली थंडी! खरं आहे, शहरात सकाळी एक स्वेटर पुरतो. पण नाताळच्या सुट्टीपासून पुढे लग्नं, साखरपुडे, गावाकडची कामं सुरू होतात आणि आमच्याकडचे लोक पहाटे चारला किक मारून खानदेशच्या वाटेला लागतात. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, मग विसरवाडी आणि कोंडाईबारीचा घाट. रेल्वे आहे, पण आरक्षण मिळत नाही, आणि गावात फिरायला गाडी लागतेच. घाट चढून साक्री-धुळ्याकडे गेलं की जानेवारीत पारा दहाच्या खाली जायला वेळ लागत नाही. दहा अंश तापमानात साठच्या वेगाने गाडी चालली तर उघड्या कातडीला ते पाच अंशांसारखं लागतं. बोटं आधी दुखतात, मग बधिर होतात. बधिर बोटांना ब्रेकचा लिव्हर उशिरा सापडतो.

चालवणाऱ्याला निदान काम असतं. क्लच, गिअर, समोरचा ट्रक यांत तो जागा राहतो. मागचा माणूस वाऱ्यापासून थोडा आडोशाला असतो, पण हालचाल नसल्यामुळे गारठतो आणि पेंगतो. त्यात आई किंवा आजी असेल तर एका बाजूला पाय सोडून बसलेली, अंगावर शाल, मांडीवर पिशवी, आणि धरायला मुलाचा खांदा. डुलकी लागली आणि खड्डा आला तर काय होईल ते लिहायची गरज नाही. शालीचं टोक सुटून चाकाकडे गेलं तर तेही नको. म्हणून शाल अंगाभोवती घेऊन टोक खोचा, किंवा सरळ जुनं जॅकेट द्या. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र ठेवायची पप्पांच्या पिढीची युक्ती आजही चालते, ती मागच्यालाही करून द्या. दोघांना हातमोजे. दर तीस-चाळीस किलोमीटरला चहा, आणि तो चालवणाऱ्याला तलफ आली म्हणून नाही, मागच्याचे पाय मोकळे व्हावेत म्हणून. उजाडून सहा-सातला निघालं तर लग्न काही चुकत नाही.

याच थंडीत सुरतला दुसरं संकट असतं, ते म्हणजे मांजा. सुरतचा मांजा प्रसिद्ध, आणि उत्तरायण म्हणजे १४ जानेवारी, दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण. चायनीज म्हणतात त्या नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी दर वर्षी गळे कापल्याच्या बातम्या येतातच. उत्तरायणाच्या दिवसांत पोलीस उड्डाणपुलांवर दुचाकी नेऊ देत नाहीत, कारण पुलावर दोर नेमका गळ्याच्या उंचीवर येतो. हँडलला तारेचा गार्ड लावून मिळतो. तो लावाच, आणि गळ्याला जाड मफलर गुंडाळा. पण इथेही मागच्या सीटचा विचार करा. दोर अडकला की चालवणारा घाबरून ब्रेक दाबतो आणि मागचा नुसता फेकला जातो. स्कूटरवर पुढे उभं केलेलं पोर तर सगळ्यांच्या आधी दोराच्या वाटेत असतं. त्या दोन दिवसांत त्याला पुढे उभं करू नका.

आता गाडी निवडण्याकडे येते. मागच्या सीटपासून सुरुवात केली की निवड बरीच सोपी होते. शोरूममध्ये मित्राला नेऊ नका, जो किंवा जी मागे बसणार आहे त्यांना न्या. आईला बसवून पाहा. सीट लांब आणि सपाट आहे का? हाताला पकड सापडते का? साडीत चढता-उतरता येतं का? वायझेडएफ-आर१५ सारख्या गाड्यांची मागची सीट वेगळी, उंच आणि छोटी असते. फोटोत ती छान दिसते, पण पन्नाशीच्या बाईला तिच्यावर बसवणं म्हणजे माळ्यावर चढवणं.

वजनही बघा. स्प्लेंडर प्लस साधारण ११२ किलोची, तर क्लासिक ३५० ची बुलेट १९५ किलोची. मागे एक माणूस आणि हातात पिशव्या असताना साडी मार्केटच्या गर्दीत गाडी पायांवर तोलायची आहे. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का, हे सीसीपेक्षा महत्त्वाचं. ब्रेकबद्दल विचारा. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरच्या नव्या गाडीला एबीएस आणि त्याखालच्या गाडीला निदान सीबीएस, म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र लागणारा ब्रेक, बंधनकारक आहे. सेकंडहँड गाडी त्याआधीची असेल तर तिच्यात यांपैकी काहीच नसू शकतं, हे लक्षात ठेवून घ्या. गाडीसोबतचं पुस्तक आपण प्लास्टिकमधून काढतही नाही. त्यात मागच्या टायरच्या हवेचे बहुधा दोन आकडे असतात, एकटं असताना आणि डबलसीट असताना. दुसरा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि थंडीत हवा आठवणीने तपासा, कारण गारठ्यात टायरमधला दाब उतरतो.

आणि हिशोबात दुसरं हेल्मेट पहिल्या दिवसापासून धरा. 'आणखी खर्च कुठून करायचा?' असं घरी म्हणतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कर सोडून ६० हजार किंमत असलेल्या गाडीवर हे ६ हजार रुपये झाले. तेवढ्यात आयएसआय मार्कचं दुसरं हेल्मेट, दोन जोड हातमोजे आणि साडी गार्ड हे सगळं बसतं. २०२५ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने नव्या दुचाकीसोबत कंपनीनेच दोन हेल्मेटं द्यावीत असा मसुदाही काढला. पण आपल्या आईच्या डोक्यासाठी आपण राजपत्राची वाट बघायची का?

यावर जे आक्षेप येतात, ते मी रोज ऐकते. 'उकाडा किती असतो!' असतो. मे महिन्यात सुरतच्या दमट हवेत हेल्मेट म्हणजे शिक्षाच आहे, हे मी नाकारत नाही. पण तोच उकाडा पुढे बसणाराही सहन करतो. 'केस विस्कटतात.' विस्कटतात, मग विंचरता येतात. 'इथंच तर जायचंय, गल्लीच्या टोकाला.' गल्लीच्या टोकालाच तर वळणावर डंपर येतो. 'दुसरं हेल्मेट ठेवायचं कुठे?' ही अडचण खरी आहे. त्याला सीटखालचा हूक आहे, दहा मिनिटांत बसणारं साखळीचं कुलूप आहे. आणि सगळ्यांत अवघड आक्षेप स्वतः मागे बसणाऱ्यांचाच असतो. 'मला काय करायचंय हेल्मेट, तू घाल म्हणजे झालं,' असं आई म्हणते. घरातला शेवटचा पोळीचा तुकडा जशी ती दुसऱ्याच्या ताटात टाकते, तसंच हेही. आपण तिचं हे म्हणणं लगेच मान्य करतो, कारण ते आपल्या सोयीचं असतं.

मुलींनो, आपल्यालाही एक सवय लावून घ्यावी लागेल. मागे बसलं की गप्प बसायचं, चालवणाऱ्याला 'हळू' म्हटलं तर त्याचा अपमान होतो, असं आपण मानून चालतो. लिफ्ट दिलेल्या मित्राला, दादाला, मामाला 'हळू चालव' म्हणणं हा आगाऊपणा नाही. रस्त्यावर दोन जीव आहेत आणि दोघांनाही बोलायचा हक्क आहे. ज्याला तुमचं 'हळू' सहन होत नाही, त्याच्या मागे बसू नका. रिक्षाने दहा मिनिटं उशीर होईल, होऊ दे.

आणि ज्यांची पहिली गाडी या नाताळच्या सुट्टीत किंवा पाडव्याला येणार आहे, त्यांना मनापासून शुभेच्छा. हार घाला, पेढे वाटा, रंग हवा तो घ्या. फक्त शोरूममधून गाडी बाहेर काढताना साडी गार्ड जागेवर राहू द्या, आणि डिलिव्हरीच्या फोटोत दोन हेल्मेटं दिसू द्या. दुसरं आईच्या मापाचं घ्या.