वेरिवाचा धडा

मतदारसंघ म्हणजे नकाशावर ओढलेली रेघ, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः त्या रेघेच्या आत कोण राहते, ते तेथे कशामुळे आले आणि राज्यसंस्थेने त्यांना काय नाकारले, यांतून मतदारसंघाचे राजकारण घडते. ऑस्ट्रेलियाच्या संघीय संसदेतील वेरिवा मतदारसंघाचा इतिहास समाजवादी कार्यकर्त्यांनी याच दृष्टीने अभ्यासावयास हवा.

संघराज्याची पहिली निवडणूक १९०१ साली झाली, तेव्हापासून हा मतदारसंघ अस्तित्वात आहे. लेक जॉर्ज या सरोवराचे आदिवासींच्या भाषेतील नाव त्याला देण्यात आले. त्या काळी तो न्यू साउथ वेल्समधील ग्रामीण मुलूख होता. पुढील पुनर्रचनांत त्याच्या सीमा सिडनीकडे सरकत गेल्या आणि आज तो त्या महानगराच्या नैर्ऋत्य उपनगरांत वसला आहे. आदिवासींची भूमी आधीच हिरावली गेली होती. त्यांचे नाव तेवढे उरले, आणि ज्या सरोवराचे ते नाव, ते सरोवरही आता मतदारसंघाबाहेर आहे.

१९५२ च्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाचे गॉफ व्हिटलॅम येथून निवडून आले आणि १९७८ पर्यंत त्यांनी या जागेचे प्रतिनिधित्व केले. महायुद्धोत्तर काळात युरोपातून आलेले स्थलांतरित आणि स्वस्त घराच्या शोधात निघालेली श्रमिक कुटुंबे या भागात येत होती. ग्रीन व्हॅलीसारख्या सरकारी वसाहती १९६० च्या दशकात उभ्या राहिल्या. घरे झाली, परंतु मलनिस्सारण, रुग्णालये, शाळा आणि वाहतूक यांची सोय मागे पडली. कॅब्रामॅटा या उपनगरातच बिऱ्हाड केलेल्या व्हिटलॅम यांनी ही उणीव जवळून पाहिली. घरामागचा शौचकूप हा नगरपालिकेचा किरकोळ प्रश्न नसून राष्ट्रीय समतेचा प्रश्न आहे, ही त्यांच्या राजकारणाची भूमिका बनली. १९७२ साली ते पंतप्रधान झाल्यावर नगरविकासासाठी स्वतंत्र खाते निर्माण झाले, त्याची धुरा टॉम यूरेन यांच्याकडे आली आणि उपनगरांच्या मलनिस्सारणासाठी केंद्राचा पैसा प्रथमच मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाला.

मताच्या मूल्याचा प्रश्नही याच भूमिकेशी निगडित होता. मतदारसंख्येत सरासरीपेक्षा वीस टक्क्यांपर्यंत तफावत कायद्याला मान्य होती. तिचा फायदा विरळ वस्तीच्या ग्रामीण जागांना मिळे आणि झपाट्याने वाढणाऱ्या उपनगरातील श्रमिकाचे मत हलके ठरे. ऑगस्ट १९७४ च्या संयुक्त अधिवेशनात ही मर्यादा दहा टक्क्यांवर आणण्यात आली. पुढे ११ नोव्हेंबर १९७५ रोजी गव्हर्नर जनरलांनी व्हिटलॅम यांचे सरकार बरखास्त केले. परंतु ही सुधारणा टिकून राहिली.

तथापि या इतिहासाची दुसरी बाजूही डोळ्यांआड करता येणार नाही. १९५२ नंतर वेरिवा मजूर पक्षाच्या हातून गेलेला नाही. पण 'हक्काची जागा' हा शब्दच पक्षाला सुस्त करतो. १९९४ ते २००५ पर्यंत याच जागेवर बसलेले आणि पक्षाचे नेतेपद भूषविलेले मार्क लॅथम २०१९ साली स्थलांतरितविरोधी 'वन नेशन' पक्षातर्फे राज्याच्या वरिष्ठ सभागृहात गेले. शेजारच्या फाउलर मतदारसंघाची कथा अधिक बोलकी आहे. व्हिएतनामी निर्वासितांनी नव्याने वसविलेले कॅब्रामॅटा आज त्यात मोडते. २०२२ साली पक्षाने तेथील स्थानिक व्हिएतनामी इच्छुकास डावलून क्रिस्टिना केनेली यांना बाहेरून आणून उभे केले. मतदारांनी अपक्ष उमेदवार डाय ले यांना विजयी केले आणि २०२५ साली त्यांनाच पुन्हा निवडून दिले.

उपनगरातील माणूस एखाद्या पक्षाची वतनदारी नव्हे. तो कधी युरोपातून आला, कधी व्हिएतनाममधून, आज अरबी वा हिंदी बोलतो. त्याच्या गरजा मात्र नळ, गटार, दवाखाना आणि सन्मान याच आहेत. या गरजा ज्याने ओळखल्या त्याला त्याने दीर्घकाळ साथ दिली, आणि ज्याने त्याला गृहीत धरले त्याला घरी बसविले. महानगरांच्या वेशीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याने मतदारयादी हाती घेण्यापूर्वी वस्तीतील गटारे पाहून यावीत. पक्षाची खरी परीक्षा तेथेच होते.