दोन गुण सोडायलाही शिका

सात फुटी सेंटरला रोखायला समोरच्या संघाकडे तेवढाच उंच खेळाडू असावा लागतो, असे काही नाही. त्याच्या अंगावर चाल करून जायचे, त्याला उडी मारायला लावायचे आणि शिट्टीची वाट पाहायची. दोन फाउल झाले की त्याचाच प्रशिक्षक त्याला बाहेर बोलावून बेंचवर बसवतो. कॉलेज बास्केटबॉलमधला हा जुना डाव भल्याभल्या पोरांवर चालतो.

ग्रेग ओडनचेच पाहा. शाळा संपताच थेट व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये उतरण्याची वाट एनबीएने २००६पासून बंद केली, आणि त्या वर्षीचा सर्वांत गाजलेला शाळकरी सेंटर एका हंगामासाठी ओहायो स्टेटच्या कॉलेज संघात आला. उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झालेली, म्हणून गडी डाव्या हाताने फ्री थ्रो टाकायचा. तरीही त्याला आवरणे अवघड होते. त्याला आवरले ते फाउलनी.

मार्च २००७च्या कॉलेज संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत झेवियरविरुद्ध सामना ऐन रंगात असताना त्याने जस्टिन केजला ढकलले आणि पाचव्या फाउलवर तो बाद झाला. रॉन लुइसने अखेरच्या क्षणी मारलेल्या तीन गुणांच्या फटक्यामुळे बरोबरी झाली आणि जादा वेळेत संघ कसाबसा तरला. पुढे टेनेसीविरुद्ध फाउलमुळे ओडनच्या वाट्याला जेमतेम १८ मिनिटे आली. संघ एका क्षणी २० गुणांनी मागे होता. अखेर ८५-८४ असा जिंकला, तोही शेवटचा फटका ओडननेच अडवला म्हणून. उपांत्य फेरीत जॉर्जटाउनच्या रॉय हिबर्टशी त्याची जुगलबंदी पाहायला सारे बसले होते. पहिल्या तीन मिनिटांतच ओडनचे दोन फाउल झाले आणि उरलेला पूर्वार्ध त्याने बसून काढला. हिबर्टलाही फाउलनी छळले. लोकांना हवी होती ती जुगलबंदी झालीच नाही.

पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, खेळणाऱ्याच्याच नशिबी हे का येते? कारण रिंगखालच्या चार पावलांत सगळ्यांचे हिशेब चुकते होतात. गार्डचा माणूस निसटला की ती चूक निस्तरायला सेंटर धावतो, उशिरा पोहोचतो आणि शिट्टी त्याच्या नावावर वाजते. पण सगळा दोष इतरांचा नसतो. रिबाउंडसाठी पुढच्याच्या पाठीवर चढणे, जागा धरताना कोपर मारणे, चेंडूवर वरून हात आपटणे या सवयी उंच पोरांना शाळेतच लागतात. तिथे नुसत्या उंचीवर भागत असल्यामुळे पाय हलवण्याची गरजच पडलेली नसते. कॉलेजात समोरचाही ताकदवान असतो. पाय मागे पडले की हात पुढे जातात, आणि पंचांना हात दिसतात.

म्हणून पहिला धडा पायांचा. चेंडू येण्याआधीच जागा पकडायची, प्रतिस्पर्ध्याला रिंगपासून दोन पावले लांब ठेवायचे. दुसरा धडा सरळ उडीचा. बचाव करणारा आपल्या जागेवरून हात उभे ठेवून सरळ वर उडाला, तर ती उभी जागा त्याची असते. धक्का लागला तरी फाउल त्याचा नाही. सांगायला सोपे, करायला महाकठीण, कारण चेंडू समोर दिसत असताना हात खाली न आणणे माणसाच्या स्वभावात नाही. पण ते शिकता येते. ओडनसमोर फाउलनी छळलेल्या त्याच हिबर्टने पुढे इंडियाना पेसर्सकडून याच सरळ उडीवर नाव कमावले. २०१३-१४च्या मोसमात एनबीएचा सर्वोत्तम बचावपटू निवडताना तो दुसरा आला.

तिसरा धडा मनाचा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडणे ही जशी फलंदाजाची कला, तसे एखादे बास्केट सोडणे ही सेंटरची. ४० मिनिटांत चार फाउल परवडतात, म्हणजे दहा मिनिटांत एक. चौथ्या मिनिटाला हातातून गेलेल्या फटक्यामागे धावून दुसरा फाउल ओढवून घेणारा पोरगा दोन गुण वाचवत नाही, पंधरा मिनिटे घालवतो. ब्लॉकला टाळ्या मिळतात, सोडलेल्या फटक्याला कुणी दाद देत नाही. म्हणून ती दाद प्रशिक्षकाने द्यायला हवी.

इथे प्रशिक्षकांचाही हिशेब तपासू. दोन फाउलवर पूर्वार्धभर बसवा, असे नियमपुस्तकात कुठेही नाही. पुढे खेळाडू गमवावा लागेल या भीतीने त्याला आत्ताच गमवायचे, ही कसली बचत? शिवाय फाउल हाताशी ठेवून खेळायचे कसे, हे बेंचवर बसून कोण शिकला आहे?

२००७च्या त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ओडन ३८ मिनिटे मैदानावर होता. २५ गुण, १२ रिबाउंड, ४ ब्लॉक. अकरा दिवसांपूर्वी १८ मिनिटांत आटोपलेला हाच तो १९ वर्षांचा पोरगा. तरी ओहायो स्टेट फ्लोरिडाकडून ८४-७५ अशी हरली. लांबून टाकलेल्या २३ फटक्यांपैकी त्यांचे चारच पडले. फ्लोरिडाकडे जोआकिम नोआ, अल हॉरफर्ड, ख्रिस रिचर्ड आणि मरीस स्पेट्स असे चार उंच गडी होते, म्हणजे ओडनवर खर्च करायला वीस फाउल. एकट्या सेंटरच्या जिवावर करंडक येत नाही, हे खरे. पण तो मैदानावर असला तरच लढत होते, हेही तितकेच खरे.

आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतही गणित तेच आहे, ४० मिनिटे आणि पाच फाउल. तेव्हा प्रशिक्षकांना एवढीच विनंती: यंदा संघात उंच पोरगा किंवा पोरगी आली, तर सरावात ब्लॉक मोजू नका. हात खाली न आणता किती वेळा सरळ उडी मारली, ते मोजा. आणि दोन फाउल झाले म्हणून लगेच बाहेर बोलावू नका, खेळू द्या.