डकॉइट, रॉबर की स्नॅचर?



गेल्या महिन्यात माझा मामेभाऊ नागपूरहून सौंसरला यायला निघाला होता. बसस्टँडबाहेर दुचाकीवरच्या दोघांनी त्याच्या खांद्यावरची बॅग हिसकावली आणि ते पसार झाले. आत ऑफिसचा लॅपटॉप होता. त्याने लगेच कंपनीला इंग्रजीत मेल टाकला : डकॉइट्सनी लॅपटॉप नेला. उलट प्रश्न आला, टोळीत किती जण होते? हत्यारं होती का? घाबरून त्याने दुसऱ्या मेलमध्ये नुसतं ‘स्टोलन’ लिहिलं. मग विचारणा झाली, बॅग कुठे सोडून गेला होतास? पगारातून पैसे कापायची भाषाही सुरू झाली.

रात्री त्याचा फोन आला. "दादा, डाकू म्हणजे डकॉइटच ना?"

मूळ तेच. ‘लूट’ आणि ‘ठग’ हे शब्दही इंग्रजीने आपल्याकडूनच उचलले. पण कायद्यात प्रत्येक शब्दाचं माप ठरलेलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा जास्त जणांनी मिळून लुटलं, तर ती डकॉइटी, म्हणजे दरोडा (कलम ३१०). मारहाण करून किंवा जिवाचा धाक दाखवून नेलं, तर रॉबरी, म्हणजे जबरी चोरी (कलम ३०९). झटक्यात हिसकावून नेलं, तर स्नॅचिंग (कलम ३०४). हा चोरीचाच प्रकार, पण आता त्याला वेगळं कलम आहे. पांढुर्ण्याकडे हिंदीत त्याला झपटमारी म्हणतात. गुपचूप उचललं, तर साधी थेफ्ट.

इंग्रजी सिनेमातला ‘मगर’ म्हणजे रस्त्यात गाठून, मारहाण करून लुबाडणारा. आपल्या कायद्यात हा शब्द नाही. प्राण्यांच्या इंग्रजी पुस्तकात तर ‘मगर’ म्हणजे आपली नदीतलीच मगर!

तिसरा मेल आम्ही दोघांनी मिळून लिहिला. दुचाकीवर दोघे, अमुक वेळ, अमुक जागा, खांद्यावरून बॅग हिसकावली. शेवटी ‘स्नॅचिंग’ हा शब्द आणि सोबत एफआयआरची प्रत. पगार कापायची गोष्ट तिथेच थांबली.

म्हणून मित्रांनो, असा प्रसंग आलाच तर आधी काय घडलं ते लिहा, नाव मागून द्या. शब्द जड झाला की आपण खोटे ठरतो, हलका झाला की निष्काळजी. चूक चोराची असते, ती आपल्या शब्दाने आपल्याच गळ्यात का घ्यायची?