गाभा सांभाळणार कोण?

गेल्या महिन्यात एका जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्सचा कर्नल स्वतः बांधून पाहिला. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. बांधणीपूर्वी त्याच्या मांडणीत दहा हजारांहून अधिक पर्याय असतात. प्रत्येक सोय गाभ्यातच घ्यावयाची, गरजेनुसार जोडता येणाऱ्या मॉड्यूलच्या रूपात ठेवावयाची की वगळावयाची, हे बांधणाऱ्याने ठरवायचे. डिस्कवरील फाइलव्यवस्था वाचण्याची सोय मी मॉड्यूल म्हणून ठेवली. पण ते मॉड्यूल आरंभीच मेमरीत चढवण्याची तजवीज करायला विसरलो. तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहिली आणि यंत्र सुरू होता होता थबकले. जुना कर्नल शाबूत होता म्हणून निभावले.

ही फजिती सांगण्याचे कारण असे, की स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीमची घोषणा आपल्याकडे अधूनमधून होते, आणि तीत या कंटाळवाण्या कामाचा उल्लेख क्वचितच असतो. सी-डॅकची 'बॉस' प्रणाली 2007 मध्ये आली. तिचा पाया डेबियन हा जगभरच्या स्वयंसेवकांचा प्रकल्प. 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या संगणकांसाठी 'माया' प्रणालीचे वृत्त आले. तिचा पाया उबंटू. यात कमीपणा काहीच नाही. मुक्तस्रोताचा अर्थच असा, की दुसऱ्याच्या पायावर आपला मजला चढवता येतो. प्रश्न नाव कोणाचे हा नसून, उद्या कर्नलमध्ये भगदाड सापडले तर दुरुस्ती करून, तपासून, स्वाक्षरीनिशी प्रत्येक कार्यालयात पोहोचवणार कोण, हा आहे.

परावलंबनाची किंमत जुलै 2025 मध्ये दिसली. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातमधील वाडिनारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा पूर्ववत झाल्या. भारतीय कायद्याने कोणतेही बंधन घातलेले नसताना एका भारतीय कंपनीचा पत्रव्यवहार परदेशातील निर्णयाने अडला.

तथापि मुक्तस्रोत स्वीकारला की सुटका झाली, असेही नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये निर्बंधांचेच कारण देऊन काही रशियन विकासकांची नावे कर्नलच्या देखभालकर्त्यांच्या यादीतून काढण्यात आली. परवाना मात्र कोणी हिरावू शकले नाही. संहिता आजही सर्वांची आहे. फरक मोठा आहे, परंतु ती संहिता वाचणारे आपल्याकडे असतील तरच. त्याच वर्षी मार्चमध्ये 'एक्सझेड' या फाइली आकुंचित करणाऱ्या साध्या पॅकेजात चोरदरवाजा आढळला. दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पिच्छा अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पुरवला म्हणून तो उघडकीस आला. पॅकेज बसवताना संगणक स्वाक्षरी तपासतो. स्वाक्षरीमागच्या माणसाचा हेतू तो तपासू शकत नाही.

देशांतर्गत उदाहरण हवे तर केरळकडे पाहावे. तेथील शाळांत शिक्षण खात्याच्या प्रकल्पाने लिनक्स रुजवले. आज ते काम 'काइट' ही सरकारी संस्था पाहते. तिने प्रणालीत कोणती पॅकेजे असावीत हे पाठ्यपुस्तकाला जोडले, मल्याळमची सोय केली आणि शिक्षकांनाच प्रशिक्षक बनवले. बिघाड झाल्यावर दूरध्वनी करायला माणूस होता, म्हणून प्रणाली टिकली. इतरत्र लिनक्ससह आलेल्या यंत्रांवर पहिल्या आठवड्यातच दुसरी प्रणाली चढवलेली मी स्वतः पाहिली आहे. छपाईयंत्र चालेना, एवढेच कारण.

केंद्राच्या 2015 च्या धोरणाने मुक्तस्रोताला अग्रक्रम दिला आणि निविदांत त्याचा विचार करणे बंधनकारक केले. निविदेत किती संगणक हे लिहिले जाते. देखभाल करणारे किती, हे आता लिहावे. सरकारी यंत्रांसाठी कर्नलची एक तपासलेली मांडणी जाहीर असावी, पॅकेजांचे भांडार देशातच असावे, त्याच्या स्वाक्षरीच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हे संसदेला विचारता यावे. आणि भारतीय अभियंत्यांनी केलेल्या दुरुस्त्या मूळ प्रकल्पाकडे परत जाव्यात, यासाठी त्यांना कायम नोकरीत पगार मिळावा. तीन वर्षांच्या कंत्राटावर हे काम होत नाही.