डिस्कोच्या ठेक्यावर कलावती

१९८२ साली मुंबईत डिस्कोची चलती होती. ‘कुर्बानी’तल्या नाझिया हसनच्या गाण्याची धुंदी उतरली नव्हती आणि वर्षअखेरीला ‘डिस्को डान्सर’ यायचा होता. त्याच सुमारास चरणजित सिंग यांनी एचएमव्हीसाठी एक तबकडी केली, ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’. भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. गाणारं कुणी नाही, तबला नाही, सतार नाही. एकटा माणूस आणि रोलँड कंपनीची तीन यंत्रं. तबकडी फारशी खपली नाही, विस्मरणात गेली.

सिंग हे शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदांतून वाजवणारे वादक. अशा वादकांनी पडद्यावरच्या गाण्यांना नाद दिला, पण त्यांची नावं श्रोत्यांपर्यंत क्वचितच पोचली. ज्युपिटर-८ हा तेव्हा नवाकोरा असलेला सिंथेसायझर सिंग यांनी सिंगापूरला विकत घेतला. त्या हौसेतून, आपल्या मनाप्रमाणे, त्यांनी हे दहा राग बांधले.

एडो बाऊमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीत ही तबकडी सापडली. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि युरोपात एकच गलका झाला. शिकागोच्या ‘फ्यूचर’ या मंडळींनी १९८७ मध्ये ‘अॅसिड ट्रॅक्स’ काढून ज्या अॅसिड हाउस संगीताची वाट मोकळी केली, त्यातलंच टीबी-३०३ हे यंत्र सिंग यांनी पाच वर्षं आधी वापरलं होतं. झालं, ‘अॅसिड हाउसचा जनक मुंबईचा’ असे मथळे झळकले. मला हे कौतुक पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकून आपलं संगीत रचल्याचा कुठलाही पुरावा नाही. शिवाय असं म्हटलं की आपण तबकडी ऐकायचंच सोडून देतो, फक्त तारखा मोजत बसतो.

ऐकायला बसलं की पहिल्यांदा कान जातो तो खर्जाकडे. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून टीबी-३०३ बनवलं होतं. त्यात सोळा मात्रांपर्यंतची सुरावट आधी भरून ठेवायची. त्यातल्या हव्या त्या सुरावर ‘स्लाइड’ची खूण केली की यंत्र पुढच्या सुरावर उडी न मारता घसरत जातं. आपण त्याला मींड म्हणतो. डिस्कोत बेस कॉर्डमागे धावतो. इथे कॉर्ड बदलतच नाही. बेस रागाच्याच सुरांत फिरतो आणि पुन्हा षड्जावर येतो, त्यामुळे खाली तंबोरा चालू असल्यासारखा आधार मिळतो. टीआर-८०८ या तालयंत्राचा ठेका न थकता चालतो आणि वर ज्युपिटरवर सिंग यांच्या ताना धावतात.

सगळे राग सारखे जमलेले नाहीत. पट्टीच्या वाद्याला तोडीचा उतरलेला गंधार कुठून मिळणार? याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं होतं. ललतातले दोन मध्यम एकापाठोपाठ यायला निवांतपणा हवा, तो या लयीत नाही. पण भूप, कलावती, मालकंस हे पाच सुरांचे राग विलक्षण खुलतात. सूर थोडे, मोकळी जागा जास्त, म्हणून सोळा मात्रांची फिरती सुरावट त्यांच्यात सहज बसते. कलावतीत तर पंचम-धैवताभोवती तान घोटाळते आणि कोमल निषाद झळकून जातो, तेव्हा वाद्य कुठलं हा प्रश्नच उरत नाही. माझ्या मते ही या तबकडीतली सर्वांत सरस रचना आहे.

उतारवयात सिंग यांना युरोपच्या मंचांवर हे राग वाजवायला मिळाले. जुलै २०१५ मध्ये ते मुंबईतच गेले. त्यांच्या यंत्रांबद्दल परदेशात पुष्कळ लिहून आलं आहे, रागांबद्दल फारच थोडं. ज्यांचा कान रागांवर तयार झाला आहे अशा वाचकांनी कलावती आणि मालकंस आधी ऐकावेत, मग तोडी, आणि कुठे साधलं, कुठे हुकलं ते मला जरूर कळवावं.