रबर नसलेली चित्रकला

साठी उलटली की माणसाने काशीला जावे. मी गेले चीनला! मुलाची नोकरी हांगझौला, म्हणून सहा महिने तिथे राहिले. शहर रेशमाचे, आणि उन्हाळ्यात कमळांनी फुलणारे पश्चिम सरोवर जवळच. पण बोलायला माणूस नाही. मग मी सूनबाईलाच बोलत असे! एकदा तिच्या स्वयंपाकावरून असा शब्द तोंडून गेला, की आमचे बोलणे 'आई, जेवायला या' एवढ्यावर आले.

दुपार सरावी म्हणून मी शेजारच्या एका चित्रकार बाईंकडे 'गोंगबी' शिकू लागले. नातू माझा दुभाषी. गोंगबी म्हणजे बारीक कुंचल्याची कला. सोंग घराण्याच्या काळात ती बहरली. ११०० साली गादीवर आलेला सम्राट हुइझोंग स्वतः फुले-पाखरे रंगवी म्हणे!

साहित्य मात्र अगदी घरचे. रेशमाला तुरटी आणि सरसाचे पाणी द्यायचे, म्हणजे रंग पसरत नाही. शाईची कांडी दगडावर उगाळायची, सहाणेवर गंध उगाळावे तशी. ताणलेल्या रेशमाखाली कच्चे चित्र ठेवून आधी नुसत्या रेघा काढायच्या. मग एका हातात दोन कुंचले: एकाने रंग लावायचा, दुसऱ्या ओल्या कुंचल्याने तो फिका करीत न्यायचा.

तिसऱ्या आठवड्यात कमळाच्या पाकळीवर माझी रेघ घसरली.

"आजी, रबर?" नातवाने विचारले.

बाईंनी मान हलवली. रेशमावरची शाई पुसली जात नाही.

मी घाईघाईने गुलाबीचा जाड थर दिला. पाकळीवर डाग तेवढा पडला! बाई हसल्या. नातवाने सांगितले, "पातळ रंग द्यायचा. वाळू द्यायचा. मग पुन्हा." दुसरे रेशीम घेतले, रेघ तिथेही थोडी घसरलीच. पण या वेळी एकेक पातळ हात देत गेले. अकरा हात झाले.

त्याच संध्याकाळी मी सूनबाईला म्हटले, "आमटी छान झालीय हो." तिने वर पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी भाजी निवडून दिली. तिसऱ्या दिवशी तिच्या आईची चौकशी केली.

निघताना चित्र पेटीत ठेवू लागले, तर ती म्हणाली, "आई, ते इथेच राहू द्या ना."

भिंतीवर तिनेच लावले. घसरलेली रेघ अजून दिसते. पण जवळ जाऊन पाहणाऱ्याला.