कातडें कमावणाराचा मुलगा आणि ‘कसाई’ ही पदवी

जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक ज्या अमेरिकन लोकांस अर्पण केलें, त्यांचा अध्यक्ष त्या वर्षीं कोण होता, असें विचारलें तर भल्याभल्या शिकलेल्यांची मान खालीं जाते. लिंकनचें नांव सर्वांस ठाऊक. पण लिंकन १८६५ सालींच गोळीस बळी पडला होता. १८७३ सालीं त्या खुर्चीवर युलिसिस ग्रँट होता. गुलामांची सुटका लिंकनच्या जाहीरनाम्यानें कागदावर आली. ती रणांगणावर खरी करण्याचें काम मुख्यतः ग्रँटच्या फौजांनीं केलें.

अशा पुरुषाविषयीं इंग्रजी वाचणाऱ्या मंडळींत दोनच गोष्टी प्रसिद्ध. एक, तो दारूबाज होता. दुसरी, तो स्वतःचीं माणसें कापून घेणारा कसाई होता. आणि हरलेल्या पक्षाचा सेनापति रॉबर्ट ली? तो म्हणजे साक्षात् भीष्माचार्य! भीष्म कोणाच्या बाजूनें लढला, हें मात्र विचारावयाचें नाहीं.

ग्रँटचा बाप कातडीं कमावीत असे. मुलाला त्या धंद्याचा वीट होता. वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेंतून १८४३ सालीं तो ३९ जणांत एकविसावा आला. मेक्सिकोच्या लढाईंत चमकला, पण १८५४ सालीं त्याला नोकरी सोडावी लागली. त्यांत दारूचा भाग होता असें म्हणतात, आणि तें झांकण्याचें कारण नाहीं. पुढें शेती बुडाली; सेंट लुईच्या रस्त्यावर त्यानें सरपण विकलें. सासुरवाडी गुलाम बाळगणारी. तिच्याकडून त्याच्याकडे आलेला विल्यम जोन्स नांवाचा गुलाम विकला असता तर घरची ओढाताण मिटली असती. त्यानें १८५९ सालीं त्याला मोकळा केला. १८६० सालीं हा मनुष्य बापाच्या चामड्याच्या दुकानांत बसलेला होता.

तेथून चार वर्षांत तो साऱ्या उत्तरेच्या फौजांचा मुख्य झाला. १८६२ च्या फेब्रुवारींत डोनेल्सन किल्ला घेतांना त्यानें शत्रूस बिनशर्त शरण येण्यास फर्माविलें. एप्रिलांत शायलोस पहिल्या दिवशीं मागें रेटला गेला, दुसऱ्या दिवशीं उलटून पडला. दोन्हीकडचे मिळून २३ हजारांवर जखमी, मृत व बेपत्ता झाले. मग व्हिक्सबर्ग. समोरून हें नदीकांठचें शहर पडेना, तेव्हां १८६३ च्या एप्रिलांत त्यानें जहाजें रात्रीं तोफांच्या तोंडाखालून काढलीं, आणि फौज खालच्या अंगास नदीपार केली. उतरावें कोठें? ब्रुइन्सबर्ग येथें चांगला उतार आहे, ही माहिती एका काळ्या माणसानें दिली, असें ग्रँटनें आपल्या आत्मवृत्तांत लिहून ठेवलें आहे. किती सेनापति असें लिहून ठेवतात? ४ जुलै रोजीं सुमारें २९ हजार शत्रुसैन्य शरण आलें आणि मिसिसिपी नदीवरून दक्षिणेचे दोन तुकडे झाले.

आतां कसाईपणा. १८६४ सालीं कोल्ड हार्बरचा हल्ला व्यर्थ होता. ग्रँटनें स्वतः त्याबद्दल खंत लिहिली आहे. पण लीनें १८६३ सालीं गेटिसबर्गला तीन दिवसांत आपल्या फौजेचा सुमारें तिसरा हिस्सा गमावला, त्याला कोणी कसाई म्हणत नाहीं. डोनेल्सन, व्हिक्सबर्ग आणि ॲपोमॅटॉक्स मिळून तीन अख्ख्या सेना ग्रँटला शरण आल्या, हेंहि त्या मंडळींच्या तोंडून क्वचित् निघतें.

परंतु माझ्या मतें ग्रँटची परीक्षा लढाईंत झाली त्याहून कैद्यांच्या अदलाबदलींत अधिक झाली. उत्तरेच्या फौजेंत सुमारें १,८०,००० काळे शिपाई भरती झाले होते. १८६४ च्या ऑक्टोबरांत लीनें कैद्यांच्या अदलाबदलीचा प्रस्ताव धाडला. ग्रँटनें एकच सवाल केला: काळे शिपाई गोऱ्यांच्या बरोबरीनें परत कराल काय? लीचें उत्तर आलें कीं, आमच्या नागरिकांच्या मालकीचे निग्रो यांत धरतां येत नाहींत. ग्रँटनें अदलाबदल नाकारली. त्याच महिन्यांत दक्षिणेनें काळ्या कैद्यांस गोळीबाराखालीं मोर्चे बांधण्यास लावलें. ग्रँटनें तितकेच त्यांचे कैदी तशाच जागीं कामास उभे केले, आणि लीला आपले मजूर काढून घ्यावे लागले.

याची किंमत भारी पडली. अँडरसनव्हिलच्या एका तुरुंगांत उत्तरेचे जवळजवळ १३ हजार कैदी मेले. परत गेलेले दक्षिणेचे कैदी पुन्हां लढतील, हाहि ग्रँटचा हिशेब होता. तो साधु नव्हता. १८६२ सालीं त्यानें आपल्या मुलखांतून साऱ्या ज्यू लोकांस घालवून देण्याचा हुकूम काढला, आणि तो लिंकनला रद्द करावा लागला. हा डाग धुतां येणार नाहीं. तरी पण शिपायाच्या कातडीवरून त्याची किंमत ठरवूं देणार नाहीं, असें तेव्हां त्यानें म्हटलें, आणि धर्मात्मा म्हणून पूजिल्या गेलेल्या लीनें तें म्हटलें नाहीं. १८६५ च्या एप्रिलांत शरण आलेल्या शेतकरी शिपायांस नांगरटीसाठीं घोडीं-खेचरें घरीं नेऊं देणारा आणि उपाशी शत्रूस शिधा पुरविणारा हाच तो कसाई.

मग ही उलटी कीर्ति आली कोठून? तलवार हरली, पण लेखणी हरलेल्यांच्या हातीं राहिली. लीच्या हाताखालच्या ज्युबल अर्लीसारख्या सरदारांनीं व्याख्यानें दिलीं, पुतळे उभारले, प्रोफेसरांनीं ग्रंथ रचले. युद्ध गुलामगिरीसाठीं नव्हतेंच, राज्यांच्या हक्कांसाठीं होतें, असें पोरांना घोकविलें. रिचमंडला १८९० सालीं बसविलेला लीचा पुतळा २०२१ सालीं उतरला. ग्रँटनें १८७१ सालीं कायदा करून व फौज धाडून कू क्लक्स क्लॅन या मारेकऱ्यांच्या टोळीचें कंबरडें मोडलें, याचा उल्लेख त्या ग्रंथांत ‘जुलूम’ म्हणून येतो. शिवछत्रपतींचा पोवाडा १८६९ सालीं जोतीरावांस कां रचावा लागला, हें ज्यांस कळतें त्यांस येथें अधिक सांगणें नको.

ग्रँट १८७९ च्या फेब्रुवारींत मुंबईस येऊन गेला. १८८४ सालीं भागीदाराच्या लबाडीनें त्याचें दिवाळें निघालें. त्याच वर्षीं घशाचा कर्करोग जडला. बायकोच्या पोटासाठीं त्यानें आत्मवृत्त लिहावयास घेतलें, बोलवेना तेव्हां चिठ्ठ्यांवर लिहून सूचना दिल्या, आणि पुस्तक हातावेगळें करून थोड्याच दिवसांत, २३ जुलै १८८५ रोजीं, तो मरण पावला. युद्धाचें कारण गुलामगिरी हेंच होतें, असें त्यानें शेवटच्या प्रकरणांत स्वतःच्या हातानें लिहून ठेवलें आहे.